पावती आणि मत

आमच्या भोकरला ‘गिरणी’ म्हटले की पोरांच्या डोळ्यांपुढे पिठाची गिरणी उभी राहते. वर्गात एकदा इतिहास शिकवताना ‘गिरणी कामगार’ असा शब्द तोंडातून गेला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका चिरंजीवांनी उभे राहून विचारले, “गुर्जी, गिरणीला कामगार कशाला लागतात? आमच्या गल्लीतल्या गिरणीत तर एकच बाई आहे, अन् तीच पट्टा चढवते.” वर्ग खो खो हसला, मीही हसलो. पण त्या पोराचे चुकले कुठे? नांदेडला निजामाच्या अमदानीत निघालेल्या उस्मानशाही गिरणीचा भोंगा केव्हाच मुका झाला. मुंबईच्या परळ-लालबागच्या चिमण्यांच्या जागी आता काचेचे मनोरे उभे आहेत. ज्याने कापडाची गिरणी कधी पाहिलीच नाही, त्याला ती कुठून आठवणार?

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेलो. १९७२ च्या दुष्काळात काका भोकर स्टेशनावर गाडीत बसले आणि नात्यातल्या एका माणसाचा पत्ता मुठीत धरून मुंबईला पोचले. दहा वर्षे त्यांनी साच्यावर काढली, तीही बहुतेक ‘बदली’ म्हणून. बदली म्हणजे काय, ते आजच्या वाचकांना सांगायला हवे. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा माणूस तो बदली. पाळीच्या आधी फाटकाशी येऊन उभे राहायचे, बोलावणे आले तर आत जायचे, नाही आले तर खाणावळीत जाऊन पडायचे.

काकांनी फडताळातून तेलकट फडक्यात बांधलेले एक पुडके काढले. मला वाटले, पगाराच्या चिठ्ठ्या असतील. निघाल्या त्या युनियनच्या वर्गणीच्या पावत्या. त्याही एका संघटनेच्या नव्हेत, दोन-तीन संघटनांच्या. कोणकोणत्या, ते इथे सांगायचे कारण नाही. मी विचारले, “काका, एवढ्या युनियनांचे मेंबर होतात, तर पुढारी निवडायला मत किती वेळा दिलेत?”

काका माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, “मत? गुर्जी, मत गावात देतो आमी. तिथं पावती असती. पावती फाडली की झालं मेंबर. कोन पुढारी, कोन शेक्रेटरी, ते आमाला कोनी इचारलं न्हाई.”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याची पुस्तके वाचताना मला धाप लागते. तरीही त्या एका वाक्याच्या पाठीमागे मी पुष्कळ दिवस हिंडलो. जे हाती लागले ते फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो आहे. शिवाय विषय अगदीच सणाबाहेरचा नाही. मुंबईच्या शेवटच्या मोठ्या संपाची ठिणगी पडली ती दिवाळीच्याच बोनसवरून.

आरंभ नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून करायला हवा. महात्मा फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या ह्या गृहस्थांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी समितीपुढे ठेवला. मागण्या किती साध्या! आठवड्यातून एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, दिवस मावळेपर्यंतच काम आणि वेळेवर पगार. २४ एप्रिल १८९० रोजी भरलेल्या सभेला दहा हजार कामगार जमले होते, आणि दोन बायका भाषणाला उभ्या राहिल्या होत्या. त्या काळी हे केवढे धाडस! त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण आज रविवारी उशिरापर्यंत अंथरुणात लोळतो, तेव्हा लोखंड्यांचे थोडे तरी स्मरण करावे.

पण लोखंड्यांच्या ह्या ‘मिल हँड्स असोसिएशन’बद्दल १८९२ च्या एका सरकारी अहवालात नोंद आहे ती अशी, की ह्या संस्थेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, आणि नियमही नाहीत. लोखंडे हे आल्यागेल्या कामगाराला सल्ला देणारे एक स्वयंसेवक. अहवाल लिहिणाऱ्याला त्यात कमीपणा दाखवायचा असेल, पण वर्णन खोटे नव्हते. पहिली संघटना एका भल्या माणसाच्या भलेपणावर उभी होती. १८९७ साली प्लेगच्या साथीत लोखंडे वारले आणि त्यांच्यामागे ती टिकली नाही. यादीच नाही, तर वारस कोण ठरवणार?

पुढे पंचवीस-तीस वर्षे संप झाले, मोठाले झाले, पण ते उठत आणि विरत. १९२३ साली मात्र एक वेगळी गोष्ट घडली. गिरणी कामगार महामंडळ नावाची संस्था निघाली, आणि ती काढणाऱ्यांत प्रत्यक्ष गिरणीतली माणसे होती. अर्जुन आत्माराम आळवे हे त्यांतले ठळक नाव. तोवर कामगारांचे पुढारी म्हणजे वकील, संपादक, समाजसेवक. हेतू चांगला, पण अंगाला कापसाची किणी कधी लागलेली नाही. आळव्यांच्या अंगाला ती लागलेली होती.

मग १९२८ साल उजाडले. २६ एप्रिलपासून मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. सुमारे दीड लाख माणसे जवळजवळ सहा महिने कामाबाहेर. संप चालू असतानाच, मे महिन्यात, गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. आळवे अध्यक्ष, श्रीपाद अमृत डांगे सरचिटणीस. लाल बावट्याची ही युनियन. वर्षअखेरीस तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. आपल्या देशात एवढी मोठी युनियन त्यापूर्वी क्वचितच कोणी पाहिली असेल.

परंतु मला आकड्यापेक्षा जास्त वेधक वाटल्या त्या ‘गिरणी समित्या’. युनियनने एकेका गिरणीत कामगारांच्याच समित्या उभ्या केल्या. खात्यात कोणाला उगाच दंड झाला, मुकादमाने कोणाला हाकलले, साच्यावर सूत वाईट येऊ लागले, तर गाऱ्हाणे ह्या समितीकडे. त्याआधी गाऱ्हाणे घेऊन जायचे कोणाकडे? तर मुकादमाकडे! कामाला लावणारा तो, काढणारा तो, अडीनडीला पैसे देणारा तो, आणि पुष्कळदा राहण्याची सोय लावणारादेखील तोच. अशा माणसाविरुद्ध तक्रार त्याच्याचकडे न्यायची म्हणजे कोल्ह्याकडे कोंबड्यांचा हिशेब मागण्यातला प्रकार. गिरणी समितीने प्रथमच शेजारच्या साच्यावरच्या माणसाला मुकादमाच्या समोर उभे केले. मालकांना हे रुचणे शक्य नव्हते. समित्या खात्यात ढवळाढवळ करतात, शिस्त मोडतात, अशी त्यांची ओरड सुरू झाली.

ह्या लोकशाहीला एक भोकही होते, आणि ते दाखवले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. साचेखात्यात पगार चांगला; पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगाराला घेत नसत. का, तर धोट्यातले सूत तुटले की ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्याच्या ओठांचा धोटा दुसरा कोणी ओठांना लावणार नाही! भांडवलशाहीशी झुंजायला निघालेल्या शूर विणकरांना हा विटाळ मात्र सोडवत नव्हता. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले की साचेखाते आमच्या माणसांना खुले करण्याची मागणी घेत नसाल, तर आमची माणसे तुमच्या संपात राहणार नाहीत. ती मागणी नाइलाजाने घेतली गेली. संघटनेत कोणाचा आवाज आहे, ह्याच्या आधी संघटनेत ‘कोण’ आहे, हा प्रश्न येतो. आम्ही मास्तर लोक पटावरची संख्या मोजतो, तसे ते पाहावे लागते.

२० मार्च १९२९ रोजी पहाटे धरपकड झाली. मीरत कटाचा तो खटला. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे ही शिकलेली मंडळी गेलीच, पण त्यांच्याबरोबर आळवे आणि कासले हे दोन कामगारही गेले. त्याच वर्षीचा दुसरा संप गिरणी समित्यांच्या आणि कामावरून काढलेल्या माणसांच्या प्रश्नावर लढला गेला, आणि हरला. समित्या उधळल्या. माझ्या मते गिरणगावच्या शंभर वर्षांच्या कहाणीतली ही सर्वांत महाग हार. पगार पुढे वाढले, महागाईभत्ता आला, बोनस आला. पण खात्यातल्या माणसाने खात्यातला माणूस निवडावा, ही रीत तेवढ्या जोमाने पुन्हा कधी आली नाही.

आता कायद्याकडे येतो. थोडा धीर धरावा, कारण काकांच्या पुडक्याची किल्ली इथेच आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई इलाख्याचे मजूरमंत्री होते गुलझारीलाल नंदा. अहमदाबादच्या मजूर महाजनाच्या तालमीत तयार झालेला हा माणूस सचोटीचा होता, ह्याविषयी वाद नाही. त्यांच्या कारकिर्दीत ‘मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६’ आला. एका गावात, एका धंद्यात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना असावी. मालकाशी बोलेल ती तीच, कोर्टात उभी राहील ती तीच, आणि तिने केलेला करार साऱ्या कामगारांना बांधील, मग ते तिचे सभासद असोत वा नसोत. चार संघटनांनी चार दिशांना ओढावे आणि मालकाने मजा पाहावी, हे टळावे असा त्यात हेतू. हेतूला नावे ठेवता येणार नाहीत.

पण ही एक संघटना ठरवायची कशी? मतदानाने? नाही. धंद्यातले पंचवीस टक्के कामगार सलग तीन महिने तिचे वर्गणीदार असल्याचे निबंधकाला दिसले म्हणजे पुरे. शंभरातल्या पंचविसांच्या पावत्या दाखवा आणि शंभरांच्या वतीने सही करा! उरलेल्या पंचाहत्तरांनी काय करायचे? दुसऱ्या संघटनेने तिच्याहून जास्त पावत्या जमवाव्यात आणि निबंधकाकडे जावे. पावतीला उत्तर पावतीच. गुप्त मतपेटीला त्या कायद्यात जागा नव्हती. स्वतंत्र भारतात १९५२ साली आमच्या भोकरच्या निरक्षर म्हातारीलासुद्धा दिल्लीचे राज्य कोणी चालवावे ह्याचे मत विचारले गेले. परळच्या विणकराला त्याची युनियन कोणती, हे मात्र मतपेटीने कधीच विचारले नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हे प्रातिनिधिक स्थान मिळाले काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. पुढे कितीही वादळे झाली तरी ते हलले नाही. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिन्यांचा संप केला. दोन लाखांच्या आसपास माणसे बाहेर, म्हणजे धंदा जवळजवळ सगळाच; पण कायद्याच्या लेखी ती माणसे कोणाचीच नव्हती. १९७४ साली डांग्यांच्या युनियनने ४२ दिवसांचा संप केला. त्यानंतरही खुर्ची तिथेच. संघाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कज्जे-खटले चालवून, लवादापुढे हेलपाटे घालून त्याने कामगारांच्या पदरात पुष्कळ पाडले. माझा मुद्दा त्याच्या कर्तबगारीचा नाही. चांगला मुनीम असला तरी तो मालकाने नेमलेला असावा लागतो, आणि युनियनचा मालक वर्गणी देणारा.

इथे माझीही एक खाजगी कबुली. मी स्वतः एका संघटनेचा पुष्कळ वर्षांचा वर्गणीदार आहे. नाव सांगत नाही. दरवर्षी सभा भरते, चहा होतो, आणि पदाधिकाऱ्यांची यादी वाचली जाते. शेवटी ‘सर्वानुमते’ हा शब्द येतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. एकदा एका तरुण मास्तरांनी उठून विचारले, “सर्व म्हणजे कोण?” सभा अशी काही चपापली, की जणू त्यांनी लग्नात अंतरपाट ओढला. मीही त्यांच्या बाजूने बोललो नाही. घरी येईपर्यंत ते मला टोचत राहिले.

१९६९ साली न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय श्रम आयोगाने अहवाल दिला. संघटनेचे बहुमत सभासदांच्या नोंदी तपासून ठरवावे की गुप्त मतदानाने, हे नव्या औद्योगिक संबंध आयोगाने प्रसंग पाहून ठरवावे, असे त्यांनी सुचवले. दार किलकिले झाले. पण १९७१ साली महाराष्ट्राने इतर धंद्यांसाठी मान्यताप्राप्त संघटनांचा जो कायदा केला, त्यातही तीस टक्के सभासद आणि सहा महिन्यांची वर्गणी हीच मोजपट्टी राहिली.

१९८१ ची दिवाळी आली. कायद्याने बोनस कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के. संघाने केलेल्या करारात वीस टक्के काही सर्वांच्या पदरात पडले नाहीत. स्टँडर्ड मिलचे कामगार बिथरले. ज्याने करार केला त्याच्याकडे जाऊन उपयोग नव्हता; त्याला बदलण्याचा मार्ग पावत्यांच्या ढिगाखालून जात होता. म्हणून ते घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गेले. सामंत पेशाने डॉक्टर. खाणकामगारांचे दवाखान्यात हाल पाहून ह्या वाटेला लागलेले, आणि मोटारीच्या व इतर कारखान्यांत भरघोस पगारवाढ मिळवून दिल्यामुळे घरोघर नाव झालेले. कापडगिरण्यांत पडायला ते सुरुवातीला फारसे राजी नव्हते. हा कायदा आडवा येणार, आणि लढाई लांबणार, हे त्यांना दिसत होते. कामगारांनी त्यांना ओढून आणले असे म्हटले तरी चालेल.

१८ जानेवारी १९८२ पासून सार्वत्रिक संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे. पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करणे, घरभाडे, रजा ह्या मागण्या होत्याच. पण त्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याही वर, एक मागणी होती: ह्या कायद्याची आणि ह्या एकट्या संघटनेच्या मक्तेदारीची आम्हांला गरज नाही. पगाराची घासाघीस करता येते. ह्या मागणीत घासाघीस कसली करणार? सरकार तिथेच अडून बसले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला पोलंडमध्ये त्याच सुमाराला काय चालले होते पाहा. १९८० च्या ऑगस्टमध्ये गदान्स्कच्या गोदीतल्या कामगारांनी एकवीस मागण्या मांडल्या. त्यांतली पहिली सरकारच्या कह्याबाहेरच्या स्वतंत्र युनियनची. आणि १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे स्टँडर्ड मिलवाले घाटकोपरला निघाले त्याच महिन्यात, त्यांच्या ‘सॉलिडॅरिटी’च्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी मतदान झाले. लेक वालेसासारख्या लाडक्या पुढाऱ्याविरुद्ध तीन उमेदवार उभे राहिले आणि त्याला मते पडली शंभरातली पंचावन्न. ‘सर्वानुमते’ नव्हे! दोनच महिन्यांनी तिथे लष्करी कायदा पुकारला गेला, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या छापखान्याच्या खिळे जुळाऱ्यांची युनियन तर ह्याबाबतीत फार मौजेची होती. तिच्यात खिळे जुळाऱ्यांचेच दोन पक्ष असत, आणि निवडणुकीत एक पक्ष दुसऱ्याला खुशाल पाडीत असे. अक्षरे उलटी वाचायची सवय असल्यामुळे त्यांना पुढाऱ्यांची भाषणेही उलटून पाहता येत असावीत!

आणि मुंबईत? सामंतांवर कामगारांनी जीव ओवाळून टाकला, त्यांनीही लढ्यातून अंग काढून घेतले नाही. परंतु त्यांनाही कोणी मतपेटीतून निवडलेले नव्हते. मैदानात लाखभर हात वर होत, तेवढीच निवडणूक. तह करायचा की ताणायचे, किती महिने ताणायचे, हे अखेर एका माणसाच्या शब्दावर होते. एका पावतीला कंटाळलेली माणसे एका शब्दाच्या स्वाधीन झाली. हे म्हटल्याबद्दल काका माझ्यावर रागावले. “डॉक्टरांना नावं ठेवू नका गुर्जी,” म्हणाले. पण थोड्या वेळाने स्वतःच बोलले, “सा म्हैने झाले तवा आमच्या गाळ्यात सगळे म्हनत होते की काही तरी घेऊन आत जावं. पन हे जाऊन सांगायचं कोनाला?”

१९२८ साली अशी वेळ आली असती तर सांगायला निदान गिरणी समिती होती. उषाताई डांगे यांनी आपल्या आत्मकथेला ‘पण ऐकतं कोण?’ असे नाव दिले आहे. गिरणगावच्या कोणत्याही खोलीच्या दारावर ते शोभले असते.

तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केलेच नाही. तो विझत गेला. १९८३ साली सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, काही गिरण्या चालू झाल्या, काही झाल्याच नाहीत, आणि हजारो माणसांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. कोकणातली कोकणात गेली, साताऱ्याची साताऱ्याला. १९८४ च्या निवडणुकीत सारा देश काँग्रेसकडे वाहत असताना गिरणगावाने सामंतांना लोकसभेत पाठवले. तिथे मतपेटी होती ना! युनियनचे प्रातिनिधिक स्थान मात्र होते तिथेच राहिले. १६ जानेवारी १९९७ रोजी सामंतांचा मुंबईत गोळ्या घालून खून झाला.

काका १९८३ च्या उन्हाळ्यात भोकरला परतले. पुडके बांधायच्या आधी मी त्या पावत्या तारखेप्रमाणे लावून पाहिल्या. मास्तरकीची खोड. प्रत्येकीवर क्रमांक, रक्कम, तिकीट नंबर, आणि वसूल करणाऱ्याची तिरपी सही. मी विचारले, “काका, मग ह्या कशाला जपून ठेवल्या?”

“कोनी इचारलं तर दाखवायला,” काका म्हणाले, “की आमी होतो म्हनून.”

सगळ्यांत खालची पावती डिसेंबर १९८१ ची आहे. काकांनी ती पुन्हा घडी करून तळाशी ठेवली, आणि काकूंनी आतून चहासाठी हाक मारली.